‘ॲक’ला मराठीत काय म्हणावं: पोच की ओ?

विक्रोळीहून:
पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी आय-टू-सी बसवर (दोन तारांवरून चिपांनी एकमेकींशी बोलायची सोय) मराठीत टिपण लिहितोय आणि एका शब्दापाशी अडलोय. कंट्रोलर (बस चालवणारी चिप) पत्ता पाठवतो. तो ज्या चिपचा असेल ती क्लॉकच्या नवव्या ठोक्याला डेटाची तार खाली ओढते. हे ‘ॲक’, म्हणजे ॲक्नॉलेज. मी ‘पोच’ लिहिलं, आमचे साहेब म्हणतात ‘अभिस्वीकृती’. १०० किलोहर्ट्झच्या बसवर सेकंदाला ११ हजार बाइट जातात; हा शब्द म्हणून होईतो सगळं आटोपलेलं असेल.

गिरगावातून:
पोच छानच, पण अर्ध्याच ठिकाणी. पत्त्यानंतर येते ती पोच नाही, ती ओ. चाळीच्या चौकात उभं राहून हाक मारा: ऐकतात सगळे, ओ देतो एकच. बसवरही तेच. (एकाच नावाचे दोघे असले की दोघेही गॅलरीत येतात, तेही तसंच.) पुढे डेटाचा बाइट मिळाला की जी येते, ती खरी पोच. बिघाड शोधताना हा फरक कामाचा आहे. आर्डुइनो बोर्डाच्या वायर लायब्ररीत (आय-टू-सीसाठीचा तयार कोड) एंडट्रान्समिशन या फंक्शनकडून २ आला तर पत्त्याला ओ नाही, ३ आला तर डेटाची पोच नाही. २ आला की पत्ता, तारा, सप्लाय बघा. ३ आला तर माणूस घरात आहे, सामान घेत नाहीये. ईईप्रॉम (वीज गेली तरी लक्षात ठेवणारी मेमरी चिप) मात्र लिहिण्यात गढलेली असली की चार-पाच मिलिसेकंद ओच देत नाही. तेव्हा घाबरू नये, परत हाक मारावी.

मुलुंडहून:
ओ पटली! डीएस१३०७ घड्याळाला मी दोन रात्री हाका मारत होतो. कोडमध्ये पत्ता डी०, चिपचा ६८ (दोन्ही हेक्स, म्हणजे सोळाच्या पायातले). ६८ डावीकडे एक घर सरकवून लिहिण्याचा बिट (०) जोडला की डी० होतो, आणि लायब्ररी ते स्वतःच करते. म्हणजे मी भलत्याच दारात उभा. तार एरवी वर धरून ठेवणाऱ्या रेझिस्टन्सला, पुल-अपला, काय म्हणायचं पण?

गिरगावातून:
पुल-अपच. लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन ‘४.७ के रेझिस्टन्स’ म्हणा, मिळेल. ‘कर्षणरोधक’ मागून बघा आणि काय होतं ते इथे लिहा.

दादरहून:
‘नॅक’ला (म्हणजे ॲक न येण्याला) कृपया ‘नकार’ लिहू नका. कुणी तार ओढली नाही, पुल-अपने ती वरच राहिली, एवढंच. चिप मेलीय की रुसलीय, ते तारेवरून कळत नाही. शिवाय कंट्रोलर स्वतः वाचत असतो तेव्हा शेवटच्या बाइटला मुद्दाम ॲक देत नाही. पंगतीत वाढप्यापुढे हात आडवा धरतो ना, ते. तिथे ‘पुरे’.

विक्रोळीहून:
ओ, पोच, पुरे. साहेबांना दाखवतो. ‘पुरे’ऐवजी ‘बस’ लिहायचा मोह झाला होता, पण मग ‘बसवर बस’ कुणी वाचायचं!