मदत हवी आहे: मोघम फीडबॅकमधून नेमकं काय सुधारायचं हे कसं काढून घ्यावं?

आमच्या टीम लीड माझे रिपोर्ट तपासतात. शेरा कायम मोघम: "अजून नेटकं हवं", "मुद्दा पोचत नाही." हेतू चांगला असतो, बोलणंही सौम्य. पण "नक्की कुठे?" विचारलं की मी वाद घालतेय असं त्यांना वाटतं आणि विषय तिथेच थांबतो.

शेरे लगेच लिहून ठेवणं, एक दिवस जाऊ देऊन मग उत्तर देणं, त्यांना आवडलेला जुना रिपोर्ट शेजारी ठेवून ताडून पाहणं, हे करून झालं. ताडून पाहिल्याने मांडणी सुधारली. 'मुद्दा पोचत नाही' मात्र अजून उलगडलेलं नाही. मजकूर गोपनीय, त्यामुळे दुसऱ्या कुणाला दाखवता येत नाही. टीम बदलायची नाहीये, मला त्यांच्याकडूनच शिकायचंय.

स्वतःचं समर्थन केल्यासारखं न वाटता नेमकं उदाहरण मागायचं तर तुम्ही कोणत्या शब्दांत विचारता? आणि रिपोर्ट देतानाच विचारावं, की शेरा आल्यावर?