कॉलेजच्या मुलांचं मत कुठे असावं: गावात की हॉस्टेलच्या पत्त्यावर?

रासेयो_मॅडम (धागाकर्ती)

मी पुण्यात पदवीच्या वर्गांना शिकवते, राष्ट्रीय सेवा योजनेचं कामही माझ्याकडे आहे. दर २५ जानेवारीला, म्हणजे राष्ट्रीय मतदार दिनाला, मुलांकडून शपथ, रांगोळी, घोषवाक्यं हे सगळं होतं. २०२४ च्या विधानसभेनंतर वर्गात विचारलं, "कुणाकुणाच्या बोटाला शाई लागली?" निम्मेही हात वर आले नाहीत. मी रागावणार, तेवढ्यात मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, नाव किनवटला आहे. दिवाळीला जाऊन आलो. वीस तारखेसाठी परत जायचं तर भाड्याचे पैसे कुठून आणू? आणि परीक्षा?"

तेव्हापासून मी घोषवाक्यं थांबवली. या मुलांना मतदानाचं महत्त्व कळत नाही हे खोटं आहे. ती राहतात एकीकडे आणि त्यांचं नाव पाचशे किलोमीटरवर पडलंय, एवढंच.

म्हणून माझं मत: बाहेरगावच्या मुलांनी हॉस्टेलच्या किंवा खोलीच्या पत्त्यावर नाव घ्यावं. नियमात ते बसतं. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान वर्षभराचा हवा, संस्थेचं बोनाफाईड हवं. नाव कुठेच नसेल तर नमुना ६, गावात असेल तर नमुना ८ भरून ते इकडे आणता येतं. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो, कारण आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांच्या १ तारखेला अठरा पूर्ण झाली का ते बघतात. कॉलेजनं प्रवेशाच्या रांगेतच नावनोंदणीचं टेबल मांडावं.

माणदेशी

मॅडम, हेतू चांगला आहे, पण माझा याला ठाम विरोध. विधानसभेची जी यादी, तीच पुढे ग्रामपंचायतीला आणि झेडपीला वापरतात. नाव पुण्याला गेलं की पोरगं गावच्या कारभारातून गेलं. त्याला सरपंचाला मत देता येणार नाही, उद्या स्वतः उभं राहायचं म्हटलं तर तेही नाही. आमच्या वॉर्डात मागच्या खेपेला तीन मतांनी निकाल लागला. टेंभू सिंचन योजनेचं पाणी कुठल्या शिवारात आधी यावं, शाळेवर पत्रे कधी पडावेत, हे बोलायला शिकलेली पोरंच नसतील तर राहतं कोण? म्हातारीकोतारी आणि ठेकेदार. एक दिवस गावी येणं एवढं जड आहे का? उमेदवार गाड्याही पाठवतात.

हॉस्टेलवरची

काका, शेवटचं वाक्य फार खटकलं. लोकसभा-विधानसभेला उमेदवारानं मतदारांना फुकट गाडी पुरवणं हा कायद्यानं भ्रष्ट मार्ग आहे. त्या गाडीतून उतरलेल्या पोरानं मोकळ्या मनानं बटण दाबावं ही अपेक्षा कशी ठेवायची?

मी तिसऱ्या वर्षाला आहे, मूळची परभणीची. वर्षातले दहा महिने पुण्यात असते. हॉस्टेलच्या गल्लीत दिवे नाहीत, पावसाळ्यात तीन मैत्रिणींना डेंगी झाला. तक्रार घेऊन गेलो तर पहिला प्रश्न, "तुमचं मतदान इथं आहे का?" नाही म्हटल्यावर बोलणं संपलं. २०२२ पासून जवळपास चार वर्षं महापालिकेवर प्रशासक होता, तेव्हा तर जायचं कुणाकडे हेच कळायचं नाही. माझं गावावर प्रेम आहे, पण पाणी मी इथलं पिते.

पेठेतला

तीन वर्षांनी तुम्ही जाल. तुम्ही निवडलेला नगरसेवक आम्ही पाच वर्षं सांभाळायचा. याद्यांमध्ये आधीच गेलेल्यांची आणि दुबार नावं आहेत. त्यात दरवर्षी हजारो मुलांची भर पडली आणि जाताना कुणी नाव हलवलं नाही, तर त्या नावांवर मतदान कोण करेल याची मला खरी भीती वाटते. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्या टेबलावर कुणी मुलांना सांगणार आहे का?

रासेयो_मॅडम

सांगणार. नमुना ८ वर माझा एवढा भर त्यासाठीच आहे. आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना गुणपत्रिका देताना पुन्हा तोच अर्ज हातात द्यायचा, ही सूचना मी तुमच्याकडून घेते.

जुना_कार्यकर्ता

माझा आक्षेप मुळावर आहे. मतदान करा म्हणून कॉलेजनं मागे लागणंच मला मान्य नाही. आमच्या भागातल्या एका कॉलेजात शाईच्या बोटाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायला लावला, न टाकणाऱ्यांची नावं वाचली. मत न देणं हाही माणसाचा निर्णय असतो. १८ वर्षांना मत मिळालं ते १९८९ मध्ये, ६१ व्या घटनादुरुस्तीनं. त्यानंतर चार-पाच वर्षांतच महाराष्ट्रात कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका हिंसाचारामुळे बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद परत आली, पण माझ्या आसपासच्या एकाही कॉलेजात मी त्या झालेल्या पाहिल्या नाहीत. ज्या पोराला स्वतःचा वर्गप्रतिनिधी मतपेटीतून निवडता येत नाही, त्याला आमदार निवडायची शपथ देऊन काय होणार? आधी कॉलेजात निवडणुका घ्या. वाद घालणं, हरणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात बसणं हे तिथंच शिकता येतं.

रासेयो_मॅडम

फोटोची सक्ती चूकच, त्यात दुमत नाही. कॉलेजातल्या निवडणुकांबद्दलही तुमच्याशी सहमत आहे. पण त्या होईपर्यंत टेबल मांडायचं नाही, हे मला पटत नाही.

आणखी एक. विधानसभेचं मतदान मुद्दाम बुधवारी ठेवलं होतं, शहरातली माणसं शनिवार-रविवारला जोडून फिरायला जाऊ नयेत म्हणून. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये ७० टक्क्यांहून जास्त मतदान झालं आणि दक्षिण मुंबईत ५० च्या आसपास, म्हणून ती काळजी समजते. पण किनवटच्या मुलाला जोडून आलेला शनिवार-रविवारच हवा होता. बुधवारच्या एका सुट्टीत तो जाणार कधी आणि येणार कधी? विद्यापीठानं निदान मतदानाच्या मागेपुढे दोन-दोन दिवस पेपर ठेवू नयेत, असा अर्ज मी देणार आहे.

हॉस्टेलवरची

मॅडम, बोनाफाईडचंही बघा. मी मागितलं तर कार्यालयातून उत्तर आलं, "शिष्यवृत्तीसाठी देतो, मतदानासाठी नाही." दोन हेलपाटे घातले, मग मुदत गेली.

माणदेशी

पोरी, गल्लीतल्या दिव्यांचं वाचून वाईट वाटलं. तुझं तिथं नाव असायला हवं होतं, हे मी मान्य करतो. पण झेडपीच्या शाळेसाठी माझ्या गावाला तुझ्यासारखीच पोरं लागतात, हेही सोडत नाही. माझा धाकटा येत्या जूनला पुण्याला येतोय. त्याचं नाव गावातच राहणार हे मी घरात परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला अजून विचारलेलं नाही. आज रात्री जेवताना विचारतो.