मदत हवी आहे : विंडोज ११ नव्याने टाकताना होणारे डिस्कचे एन्क्रिप्शन

नमस्कार. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने आईच्या लॅपटॉपवर, डिस्क पूर्ण फॉरमॅट करून, विंडोज ११ होम टाकायचे आहे. प्रोसेसर आठव्या पिढीचा असून विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० (सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) सुरू आहेत. तेव्हा पात्रतेचा प्रश्न नाही.

पूर्वी सीडी घालून पंचवीस अक्षरांची की टाकली की काम भागत असे. आता परवाना यंत्राशीच जोडलेला असल्याने की सहसा लागत नाही (ही सोय खरोखर चांगली आहे), मात्र सेटअप इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खाते मागतो. शिवाय २४एच२ आवृत्तीपासून, अशा खात्याने साइन इन केल्यास बहुतेक यंत्रांवर डिस्कचे एन्क्रिप्शन (म्हणजे माहिती कुलूपबंद करणे) आपोआप सुरू होते आणि ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठवली जाते. आई पासवर्ड वरचेवर विसरते, त्यामुळे खातेच उघडेनासे झाले तर तिच्या फोटोंचे काय, ही माझी खरी काळजी आहे.

नंतर लोकल खात्यावर (फक्त त्याच लॅपटॉपपुरत्या खात्यावर) वळल्यास एन्क्रिप्शन तसेच राहते का? रूफस या प्रोग्रामने विंडोज टाकण्याचा पेनड्राइव्ह बनवताना हे एन्क्रिप्शन टाळण्याचा पर्याय मिळतो. तो कोणी वापरला असल्यास कृपया अनुभव कळवावा.