मोरिनी विकली म्हणून कृतघ्न? मला नाही पटत

सांगलीची नेमबाज
एका ज्येष्ठांनी काल लिहिलं की बापानं हळद विकून घेतलेलं पिस्तूल हल्लीची पोरं वर्ष-दोन वर्षांत फुंकून टाकतात, खरा नेमबाज हत्यार बदलत नाही, हात बदलतो. नाव घेतलं नाही, पण हळदीच्या पैशातून मोरिनी, म्हणजे स्पर्धेचं एअर पिस्तूल, कुणाच्या घरी आली हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून उत्तर देते.

हो, विकली. १६२ ईआय, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरवाली. शाळेत असताना वहीच्या मागच्या पानांवर मी तिचीच चित्रं काढायचे. क्लबचं पिस्तूल मिळायचं ते सगळ्यांचं झाल्यावर, आणि प्रत्येकानं आपल्या मापानं स्क्रू फिरवून ठेवलेले. त्या वर्षी हळदीला भाव चांगला लागला आणि पप्पांनी यार्डातून आलेले पैसे विहिरीच्या कामाला न लावता माझ्यासाठी बाजूला काढले. पहिले काही दिवस मी पेटी उशाशी घेऊन झोपायचे.

पिस्तुलात खोट नव्हती. माझी बोटं आखूड. ट्रिगर पार मागं घेतला तरी पेर नीट बसायचं नाही, टोकानं ढकलल्यासारखं व्हायचं, आणि दमल्यावर शॉट हटकून नऊ वाजता, म्हणजे मधल्या ठिपक्याच्या डावीकडं. लहान ग्रिप, म्हणजे मूठ, मागवली. पुट्टी भरली, पॉलिश पेपरनं घासली. शेवटी मिरजेत सतारी बनवणाऱ्या एका कारागिरांकडं नेली. त्यांनी कानशीनं अंगठ्याची खोबण इतकी सुरेख काढून दिली की बोटांचा प्रश्न मिटला. पण डोळे मिटून हात उचलायचा आणि उघडून बघायचं, तर पुढची साईट, नेम धरायची खूण, मागच्या खाचेच्या वरच. म्हणजे प्रत्येक शॉटला मनगट दाबायचं. एका मॅचला पंचाहत्तर मिनिटांत साठ वेळा.

मैत्रिणीची जुनी स्टेयर एलपी १० हातात घेतली तेव्हा साईट आपोआप जागेवर आली. तिला नवीन मॉडेल घ्यायचं होतं. मी माझी विकली आणि तिची घेतली. पप्पांनी पैसे मला नेमबाज करायला दिले होते, कपाटात पेटी ठेवायला नाही.

कृष्णाकाठ
मीच लिहिलं होतं, लपवत नाही. पोरी, तुझ्या बापाला मी ओळखतो. त्या पैशात विहीर झाली असती. गोळेश्वरच्या खाशाबांना १९५२ साली लोकांनी वर्गणी काढून हेलसिंकीला पाठवलं, त्या माणसानं पदक आणलं. दुसऱ्याच्या घामाची जाण म्हणतात ती ही. आणि सामानाचं कौतुक कुणाला सांगता? पॅरिसला २०२४ मध्ये तुर्कस्तानचा नेमबाज दिकेच साधा चष्मा लावून, खिशात हात घालून उभा राहिला आणि रौप्य घेऊन गेला.

विश्रामबागचा टेन
काका, दिकेचचा चष्मा साधा होता, पिस्तूल नाही. ते स्पर्धेचंच होतं, मिश्र सांघिकच्या फायनलला जत्रेतलं छऱ्याचं पिस्तूल घेऊन कोण उभं राहत नाही. आणि खिशात हात तर आम्ही सगळेच घालतो, मोकळा हात हलू नये म्हणून. तो फोटो दाखवून पोरांना गप्प बसवणं आता थांबवा.

वाईकर
मी तर म्हणतो विकली ते उत्तम केलं, पण कारण चुकीचं सांगताय. खरा प्रश्न इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा. बॅटरीवर चालणारी वस्तू ऐन वेळी दगा देणारच. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरचं काय झालं सगळ्यांनी पाहिलं. ५७५ वर थांबली, दोन गुणांनी फायनल हुकली. मेकॅनिकल असतं तर २०२१ लाच पदक आलं असतं.

विश्रामबागचा टेन
मनूची कॉकिंग लिव्हर, छरा भरायला उघडायची दांडी, मोडली होती. धातूचा तुकडा. तिच्या प्रशिक्षकांनी नंतर सांगितलंय. ती बदलायला ग्रिप उतरवावी लागली, सर्किट बाजूला काढावं लागलं, त्यात वेळ गेला. मेकॅनिकल पिस्तुलाला लिव्हर नसते का?

वाईकर
म्हणजे सर्किट मध्ये आलंच ना! सर्किट नसतं तर काम निम्म्या वेळात झालं असतं. माझ्या पुतण्याचा ट्रिगर जिल्हा स्पर्धेत मॅचच्या मध्यावर बंद पडला. हात वर करून उभा होता बिचारा, नंतर रडला. ते मी डोळ्यांनी पाहिलंय, मला पुस्तकातलं सांगू नका.

विश्रामबागचा टेन
बॅटरी कधी बदलली होती? आदल्या दिवशी बघायची कुणी? आयुष्यात एकदा तरी ग्रिप खोलून बघितलीय का तुम्ही? इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे स्पर्धेतल्या सामानाच्या तपासणीत, दोन्ही ट्रिगरना तेच पाचशे ग्रॅमचं वजन उचलावं लागतं. वर्षानुवर्षं तेच तेच बोलता आणि नवी पोरं घाबरून भलतं सामान घेतात.

वाईकर
नीट बोला. मी रेंजवर उभा होतो तेव्हा तुम्ही चड्डीत होता. बॅटरी नवीनच होती. आणि ट्रिगरची दुसरी स्टेज, शॉट सुटायच्या आधी लागणारा अडसर, बोटाला कळते ती मेकॅनिकलमध्येच, माझं मत बदलणार नाही.

कराडची आई
तुमचं ट्रिगरचं चालू द्या, पण आमच्यासारख्यांचं कोण ऐकणार? मुलगी सातवीत असताना प्रशिक्षक म्हणाले हेच पिस्तूल घ्या, नाहीतर पुढं जाणार नाही. पतसंस्थेतून कर्ज काढलं. हाताला न लावता घेतलं, कारण इथं लावून बघायला ठेवतंय कोण? वर्षभर तिचं मनगट दुखत होतं आणि सर म्हणायचे सराव कमी पडतोय. पोरीला वाटायचं तिच्यातच काहीतरी कमी आहे. काका, तुम्ही "हात बदला" म्हणता ना, ते वाक्य लहान पोरांना किती लागतं ते घरी बसून बघा. शेवटी आम्हीही विकलं, तोटा सोसून. त्याचा मला पश्चात्ताप नाही, आधी विकलं नाही याची हळहळ आहे.

कृष्णाकाठ
ताई, लहान मुलांना मी बोललो नव्हतो. न बघता घ्यायला लावणाऱ्याला उभं केलं पाहिजे, त्यात दुमत नाही. पण माझा मुद्दा तसाच आहे. पहिलं पदक ज्या पिस्तुलानं दिलं ते घरात राहावं. बाजारात दाखवून विकू नये.

सांगलीची नेमबाज
काका, दोन लाखांच्या घरातली वस्तू आठवण म्हणून ठेवायची ऐपत आमच्या घरात नाही. हा सल्ला दोन पिस्तुलं परवडणाऱ्यांना द्या. आणि बाजारात नाही दाखवली. पुण्याहून जास्त पैसे येत होते, तरी कराडच्या एका मुलीला दिली. तिचा पंजा मोठा, म्हणून मूळची मोठी ग्रिप चढवून दिली. तिनं आधी माझ्यासमोर पूर्ण मॅच मारून बघितली, मग पैसे घेतले. लहान, घासलेली ग्रिप माझ्याकडं आहे.

कृष्णाकाठ
मारून बघू दिलंस, ते बरं केलंस. हवेच्या सिलिंडरची मुदतीची तारीख सांगितलीस का? दहा वर्षांचं असतंय ते. सेकंडहॅंड घेणाऱ्यांना कुणी सांगत नाही, मग स्पर्धेला गेल्यावर अडवतात.

सांगलीची नेमबाज
सांगितली. तारीख जवळ आली होती, म्हणून सिलिंडरचे पैसे किमतीत धरलेच नाहीत. मूळ बिल दिलं, दोघींच्या सह्यांचा कागद केला. लायसन लागत नाही म्हणून लोक कागद करत नाहीत, ते चूक आहे.

कृष्णाकाठ
कागद केलास, चांगलं. व्यवहार नीट झालाय. विकायला नको होती, हे मी तुझ्या बापालाही तोंडावर सांगेन.

सांगलीची नेमबाज
सांगा. विकायला म्हणून माझ्याबरोबर कराडला तेच आले होते.

वाईकर
त्या कराडच्या मुलीला जास्तीची बॅटरी जवळ ठेवायला सांगा. मनापासून सांगतोय.