मदत हवी: गाडी वाटेत बंद पडतेय, शुक्रवारी पहाटे कुडाळला निघायचंय

चाकरमानी:
बाबांची गाडी तासभर मस्त चालते, मग दोन-चार आचके देऊन बंद. अर्धा तास थांबलं की अर्ध्या चावीत सुरू. बॅटरी नवी, प्लग नवे. मेकॅनिकने कार्बोरेटर दोनदा साफ केला, आता फोन उचलत नाही. गणपतीला गावी जायचंय, सोबत आजी आहे, रेल्वेचं तिकीट नाही. 'नवी घ्या' म्हणणाऱ्यांनी दुसरा धागा बघा. नेमकं काय बदलू?

गॅरेजबाहेरचा:
गाडी कुठली ते तरी लिहा. पेट्रोल की डिझेल?

चाकरमानी:
कार्बोरेटर म्हणालो ना, म्हणजे पेट्रोलच! प्रीमियर पद्मिनी, ८६ची.

फियाटप्रेमी:
मग विषयच संपला. व्हेपर लॉक. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला, तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप नुसता हवा ओढतो. पंपावर ओलं फडकं टाका, पाइपला कपड्यांचे लाकडी चिमटे लावा. आम्ही चिमट्यांवर गोवा गाठलंय.

तारतंत्री:
चिमट्यांनी काही होत नाही हो. ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारी कॉइल गरम झाली की ठिणगी मरते, लक्षणं डिट्टो हीच. कॉइल आणि कंडेन्सर बदला.

फियाटप्रेमी:
आचके देत बंद पडली म्हणजे पेट्रोलच. ठिणगी गेली तर गाडी फटकन बंद होते.

तारतंत्री:
दर वेळी नाही. तीस वर्षं हेच करतोय.

पालीमार्गे:
वडखळला अडकू नका. खोपोली-पाली-वाकण मार्गे या. कशेडीला आता बोगदा झालाय, घाट चढायची गरज नाही.

चाकरमानी:
रस्ता विचारलेला नाही.

हिरवी नंबरप्लेट:
नोंदणीचं नूतनीकरण झालंय ना? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं.

गॅरेजबाहेरचा:
भांडण्यापेक्षा बघून घ्या. बंद पडली की आधी कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून (प्लगांना वीज वाटणारा डबा) काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरा, पक्कड रबरी मुठीची हवी, आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ठिणगी निळी आणि कडक असेल तर कॉइलवर पैसे घालू नका. मग कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून पेट्रोल येतंय का बघा. क्रम उलटा करू नका, सांडलेल्या पेट्रोलवर ठिणगी पडेल. आणि एक, हा त्रास कधीपासून?

चाकरमानी:
महिना झाला. आज मुंब्रा बायपासवर पडली तेव्हा बघितलं. ठिणगी झकास, पाइप कोरडा.

फियाटप्रेमी:
म्हणालो नव्हतो?

गॅरेजबाहेरचा:
थांबा काका. पावसाळ्यात महिन्याभरापूर्वी अचानक व्हेपर लॉक? उन्हाळ्यात होत नव्हतं? महिन्यापूर्वी गाडीत काय बदललं?

चाकरमानी:
काहीच नाही.

चाकरमानी:
म्हणजे टाकीचं झाकण पेट्रोल पंपावर राहून गेलं, म्हणून बाजारातून किल्लीवालं बसवलं. त्याचा काय संबंध?

गॅरेजबाहेरचा:
अहो!! हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं. झाकणाला हवेचं भोक नसेल तर पेट्रोल संपतं तशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढवत नाही. अर्ध्या तासात कुठूनतरी थोडी हवा शिरते, म्हणून परत चालू. पुढच्या वेळी बंद पडली की नुसतं झाकण उघडा आणि कान द्या.

तारतंत्री:
ई-२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलने पंपाचं जुनं रबर फुगतं, तेही बघा.

चाकरमानी:
रात्री पनवेलपर्यंत नेली. कळंबोलीच्या अलीकडे आचके सुरू. झाकण फिरवलं तर प्रेशर कुकरसारखं फुस्स! लगेच सुरू झाली. येताना झाकण सैल ठेवलं, ठाण्यापर्यंत एक आचका नाही. ह्याच झाकणाला ड्रिलने भोक पाडू का?

गॅरेजबाहेरचा:
मुळीच नको, कोकणातला पाऊस सरळ टाकीत जाईल. सैलही ठेवू नका, घाटात पेट्रोल हिंदकळून बाहेर येतं. हवेची वाट असलेलं झाकण शोधा. नाहीच मिळालं तर दर अर्ध्या तासाने थांबून उघडायचं. आजीलाही पाय मोकळे करायला बरं.

तारतंत्री:
तरी एक जादा कॉइल डिकीत टाकाच.

चाकरमानी:
झाकण कुर्ल्यात मिळालं, जुनंच आहे. बघतो. पाली रस्त्यावर खड्डे किती आहेत?