पायी चालणाऱ्यांचे हाल आणि हिकमती: आपापल्या शहरातले अनुभव लिहा (अनुभव धागा)

वाटसरू

मिसळीच्या धाग्यावर मागच्या आठवड्यात विषय भलतीकडेच गेला, कुठली मिसळ चांगली वरून सुरू झालेली गाडी "तिथे पार्किंग नाही आणि चालत जायचं तर रस्ता ओलांडता येत नाही" यावर येऊन अडकली ती सुटेचना. म्हणून हा वेगळा धागा. सरकारी अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. म्हणजे पाचात जवळपास एक. हेल्मेटवर आपण तावातावाने बोलतो, चालणाऱ्यांबद्दल मात्र "बघून चालावं ना" एवढ्यावर विषय संपतो.

गाडीवाल्यांना शिव्या थोड्याच घाला. नेमका कुठला रस्ता, काय अडतं, तुम्ही काय करता ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. कोथरूडला आमच्या चौकात चालणाऱ्यांसाठी हिरवा माणूस लागतो, पण फ्री लेफ्टवाले त्याच वेळी सुसाट येत असतात, म्हणजे तो माणूस फक्त समोरच्या गाड्यांपुरता हिरवा, डावीकडे वळणाऱ्यांना तो लागूच नाही. सासूबाईंना पलीकडे देवळात न्यायचं तर गाड्या ज्या बाजूने येतात त्या बाजूला मी, पलीकडे त्या, माझा एक हात वर आणि दुसऱ्या हातात त्यांचं कोपर. त्या मधेच थांबतात. थांबू नका आई, थांबलं की लोक हॉर्न वाजवतात, असं मी म्हणते आणि त्या म्हणतात, अगं पण तो थांबत नाहीये तर मी कशी जाऊ. बरोबरच आहे त्यांचं.

पेठेतला

पुण्यात फूटपाथ नाहीत असं कोण म्हणतं? आहेत की. त्यावर विजेच्या डीपीचा बॉक्स, झाड, झाडाला टेकवलेली स्कूटर, चहाची टपरी, मंडळाच्या मांडवाचे उरलेले बांबू, सगळं नीट ठेवलेलं आहे, फक्त माणसाला जागा ठेवायची राहिली. आणि दर गेटपाशी उतार, मग परत चढ. कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेची, उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असावी असं इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, आमच्या गल्लीत काही ठिकाणी आजींना गुडघ्यावर हात ठेवून चढावं लागतं. आणि पी वन पी टू (सम-विषम तारखेच्या पार्किंग) मुळे कुठल्या बाजूला गाड्या लागणार ते रोज बदलतं, त्यामुळे कुठल्या बाजूने चालायचं तेही रोज बदलतं.

२०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो आणि लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा गाड्यांना बंद करतात. छान वाटतं खरंच, पोरं रस्त्यात बसून चित्रं काढतात, म्हातारी माणसं मधोमध चालतात. १२ तारखेला सगळे परत गटाराच्या झाकणावरून.

एक चांगलंही सांगतो नाहीतर म्हणाल पेठेतला म्हणजे कुरकुर. जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद केले तेव्हा मी पहिला ओरडणारा होतो की गाड्या कुठून जाणार. आता संध्याकाळी तिथे बाकावर बसायला जागा मिळत नाही.

लोकलवाली

मुंबईचा मुद्दा वेगळा आहे, इथे चालणाऱ्याला वर पाठवतात. २००८ मध्ये वांद्रे पूर्वेला पहिला स्कायवॉक, म्हणजे चालणाऱ्यांसाठीचा लांब उंच पूल, झाला, मग ठिकठिकाणी झाले. कल्पना अशी की स्टेशनमधून उतरलेला माणूस रस्त्यावर यायलाच नको. पण मला स्टेशनसमोरच्या रिक्षा स्टँडवर जायचंय, पंचवीस पावलं लांब, त्यासाठी दोन मजले चढून लांबवर चालून परत दोन मजले उतरायचे? माझे गुडघे गेलेत. सरकता जिना आहे, बंद आहे. लिफ्ट आहे, तिच्यात कोणीतरी सामान ठेवलंय. मग मी खालूनच जाते, भाजीवाल्या आणि रिक्षांच्या मधून, आणि वरती पाटी असते की कृपया पुलाचा वापर करा.

माझं म्हणणं एवढंच की गाडीत बसलेल्या माणसाला फक्त पाय ब्रेकवर ठेवायचाय, तर चढउतार माझ्या वाट्याला का?

हां, दादर ते माहीमच्या सिग्नलवर २०२० मध्ये बाईचं चित्र आणलं, घागरीसारखा फ्रॉक घातलेली. मला आवडलं ते. थोडा वेळही वाढवला असता तर जास्त आवडलं असतं.

डॅलसकर

तुम्हाला वाटेल अमेरिकेत बरं असेल. आमचं उपनगर डॅलसच्या उत्तरेला. आईबाबा उन्हाळ्यात राहायला आले, बाबांना संध्याकाळी फिरायची सवय, पहिल्याच दिवशी एका बाईने गाडी थांबवून विचारलं, तुमची गाडी बंद पडलीय का, कुठे सोडू का. चालणारा माणूस म्हणजे काहीतरी अडचणीत असणार हे गृहीत. बाई भली होती, त्यात तिचा दोष नाही, तिने बहुतेक त्या फूटपाथवर माणूसच बघितला नसेल.

इंडियन ग्रोसरी आमच्या बाल्कनीतून दिसते. मध्ये सहा लेनचा रस्ता, त्यावर गाड्या सत्तर-ऐंशीने. सिग्नल खूप लांब, तिथे जाऊन बटण दाबायचं आणि वाट बघायची, बटण दाबलं नाही तर चालणाऱ्याची पाळी येतच नाही. आता खरी गंमत ऐका. इथे लाल सिग्नलला उजवीकडे वळायला परवानगी असते. तर वळणारा ड्रायव्हर डावीकडे बघत असतो, गाडी येतेय का म्हणून, आणि तुम्ही त्याच्या उजव्या हाताने झेब्रावर उतरता. त्याची मान तिकडे, गाडी तुमच्याकडे. मी बाबांना शिकवलंय की बंपरकडे बघू नका, ड्रायव्हरचा चेहरा दिसला आणि त्याने तुमच्याकडे बघितलं तरच पाय टाका. वर गाड्यांची बॉनेट एवढी उंच झालीत की काही पिकअपसमोर माझा सात वर्षांचा मुलगा उभा राहिला तर दिसतच नाही.

२०२२ मध्ये अमेरिकेत साडेसात हजारांच्या आसपास पादचारी गेले. आणि कुठूनही रस्ता ओलांडला तर दंड करायची पद्धत अनेक राज्यांत आहे, कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२३ पासून ती बरीच सैल केली, धोका नसेल तर पोलीस अडवणार नाहीत.

वाळवंटातला मराठी

दुबईत चुकीच्या जागी ओलांडलं की ४०० दिरहॅम. त्यामुळे सगळे शिस्तीत. एसी पूल आहेत, गारेगार. पण समोरच्या बिल्डिंगला जायला मी टॅक्सी केलीय, खोटं नाही सांगत.

पांढरीकाठी

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर लिहितोय, चुका सांभाळून घ्या. फूटपाथवर त्या पिवळ्या उठावाच्या फरश्या असतात ना, लांब रेघांच्या म्हणजे पुढे चला आणि गोल ठिपक्यांच्या म्हणजे थांबा, समोर काहीतरी आहे. फार उपयोगी वस्तू, नीट बसवली तर. आमच्या रस्त्यावर रेघांची फरशी सरळ विजेच्या खांबापर्यंत नेऊन सोडलीय. बसवणाऱ्याने डिझाईन म्हणून बसवली असणार. खांबाला वळसा घालून पुढे परत सुरू होते ती, पण ते मला कळणार कसं.

फूटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, लावतात, काठी दोन बोलार्डच्या मधून जाते आणि मांडी आपटते. तेही चालेल, कारण बोलार्ड नसतील तर दुचाकी येतात, आणि आता इलेक्ट्रिक आल्यात त्यांचा आवाजच नाही. पूर्वी मी इंजिनच्या आवाजावरून अंदाज घ्यायचो, फर्स्ट गिअरला टाकली की समजायचं सुटणार.

रस्ता ओलांडताना लोक मदत करतात, पण न विचारता दंड धरून ओढतात. त्यापेक्षा तुमचं कोपर पुढे करा, मी धरतो.

स्टिअरिंग

मी गाडीवाला, शिव्या खायला हजर. मी झेब्राला थांबतो. रोज मागून हॉर्न खातो. पण मोठा प्रॉब्लेम पुढे आहे: मी थांबलो, बाई निघाल्या, आणि माझ्या आडोशाने त्यांना शेजारच्या लेनमधला दुचाकीवाला दिसत नाही, त्याला त्या दिसत नाहीत, त्याला वाटतं हा येडा उगाच थांबलाय आणि तो बाजूने काढतो. म्हणजे माझ्या थांबण्याने बाई जास्त धोक्यात. आता मी झेब्राच्या बऱ्याच मागे थांबतो, ब्लिंकर टाकून आणि हात बाहेर काढून. आणि चालणाऱ्यांनी पण फोनमध्ये तोंड घालून उतरू नये, हे बोललं की सगळे तुटून पडतात.

लोकलवाली

@स्टिअरिंग तुटून नाही पडत. पण माझा फोन पडला तर माझाच फुटेल.

पन्हाळ्याखाली

शहराचं चाललंय ते बरंय, आमचं गाव कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर हायवेवर, एन एच ४८. गाव इकडं, शेतं तिकडं. हायवे मोठा झाला तसा गावाचा रस्ता तुटला. खालनं भुयारी मार्ग दिलाय पण लांब, आणि पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी. मग वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन बायका डिव्हायडरच्या फटीतनं पलीकडं जातात. भारा असा की डोळ्यावर येतोय, मान वळवून गाडी बघता येत नाही, म्हणून पुढची एकजण बिनभाऱ्याची असती ती बघून "चला" म्हणती आणि सगळ्या एकदम निघतात. फट बुजवली तर महिन्याभरात परत उघडती. लोक बेशिस्त म्हणून न्हाई वो, म्हशीला वैरण पाहिजेच.

कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या, मागं लाईट न्हाई, रात्री त्याच कडेनं चालायचं.

हिरवामाणूस

सिग्नलच्या टायमिंगचं काम केलंय काही वर्षं, म्हणून लिहितो. हिरवा माणूस किती सेकंद ठेवायचा याचा हिशेब साधा आहे, रस्त्याची रुंदी भागिले चालण्याचा वेग. वेग बहुतेक ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटरचा रस्ता असेल तर २० सेकंद. पण पंच्याहत्तरीची आजी ०.८ ने चालते, तिला ३० लागतात. ती बेसावध नसते, गणितातच नसते. अमेरिकेत २००९ मध्ये हा वेग सेकंदाला ४ फुटांवरून ३.५ फूट केला. दहा सेकंद वाढवले की गाड्यांची रांग वाढते आणि फोन येतात, चालणाऱ्यांचे फोन येत नाहीत. म्हणून तक्रार करताना "वेळ कमी आहे" असं मोघम लिहू नका. रस्ता किती मीटर, हिरवा किती सेकंद, दोन्ही मोजून लिहा, असं पत्र बाजूला टाकणं अवघड जातं. रुंद रस्त्याला मध्ये उभं राहायला जागा मागा, आजी दोन टप्प्यांत जाईल.

आणि मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने फूटपाथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये (जगण्याच्या हक्कात) येतो असं म्हटलंय, पत्रात तेही घाला.

सिंगापुरी

आमच्याकडे २००९ पासून काही सिग्नलवर ज्येष्ठ नागरिक त्यांचं कार्ड टेकवतात आणि हिरवा माणूस काही सेकंद जास्त थांबतो. आई इथे आली की माझ्या सासऱ्यांच्या कार्डावर ओलांडते.

कालवाकाठी

नेदरलँड्सचं उदाहरण कोणीतरी देणारच म्हणून मीच देते. हे लोक जन्मजात शहाणे नव्हते. १९७१ मध्ये इथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. "मुलांचे खून थांबवा" अशा नावाची चळवळ पालकांनी काढली, रस्त्यात आडवे झाले. १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली तेव्हा रविवारी गाड्या बंद ठेवल्या आणि लोकांना कळलं की बरं चाललंय की. नंतर गल्ल्यांमध्ये वळणं, झाडं, उंचवटे घातले, ज्याला जोरात जायचंय त्यालाही जाता येऊ नये असे. नुसत्या पाटीने वेग कमी होत नाही हे त्यांनी मान्य केलं. माझी मुलगी एकटी शाळेत चालत जाते, पुण्यात आली की मात्र माझं बोट सोडत नाही.

वाटसरू

@हिरवामाणूस, तुमच्या सांगण्यावरून आज टेप घेऊन गेले, ट्रॅफिक हवालदारांनी विचारलं काय करताय, सांगितलं तर म्हणाले मॅडम तुम्ही मोजा, मी गाड्या धरतो. २२ मीटर, १४ सेकंद. पत्राचा मसुदा टाकते इथे, मराठी तपासून द्या कोणीतरी. आणि ठाणे, नागपूर, नाशिक, गोवा कोणीच कसं लिहिलं नाही अजून?