मदत हवी आहे: मेगाट्रॉनचा खांदा निखळलाय

पोराचा मेगाट्रॉन (ट्रान्सफॉर्मर्समधला, रूप बदलणारा खेळण्यातला रोबो) गच्चीवरून पडला. डिसेप्टिकॉन्सचा, म्हणजे त्यातल्या खलनायकांच्या टोळीचा म्होरक्या तोच, पण १९८४ च्या मूळ खेळण्यासारखा पिस्तूल होणारा नाही, रणगाडा होणारा. उजव्या खांद्यातली धातूची पिन वाकलीय, प्लास्टिकच्या खाचेला चीर गेलीय. रणगाडा नीट होतो. रोबो केला की तोफेसकट हात लोंबकळतो. इन्स्टंट ग्लू लावून बघितला तर अख्खा सांधाच चिकटला, कसाबसा सोडवला. नाशिकच्या मेन रोडला दोन-तीन दुकानांत विचारलं, नवीन घ्या म्हणाले. पोराला हाच हवाय (खलनायकावर एवढा जीव!). पिन साधारण २ मिमी जाड, २० मिमी लांब. बजेट ३०० रुपये, कुरिअर नको. सातपूर-अंबडकडे अशी एकच पिन करून देणारा लेथवाला कुणाच्या माहितीत आहे का? आणि चिरलेल्या खाचेत इपॉक्सी भरली तर हात फिरेल ना?